पाप नव्हे, कोळसा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत यंदा सातवा विषय होता गच्चीवर सौर पॅनल बसवण्याचा. सहावा गळतीचा होता, त्यामुळे सातव्यापर्यंत पोचेतो रात्रीचे साडेनऊ झाले. खर्च किती, अनुदान किती, पाण्याच्या टाकीची सावली कुठवर पडते, एवढं बोलून दहा मिनिटांत मिटण्यासारखं काम. पण कुणीतरी ‘ग्लोबल वॉर्मिंग’ हा शब्द काढला आणि सभा पेटली. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, हिमयुगं आली आणि गेली, तेव्हा कुणाच्या मोटारी होत्या? एक तरुण मुलगी कळकळीनं म्हणाली, आपण सगळेच गुन्हेगार आहोत, प्रत्येकानं स्वतःपासून सुरुवात करायला हवी. तिला मध्येच तोडून एक गृहस्थ गरजले, दीडशे वर्षं धूर ओकला गोऱ्यांनी आणि पंखे आम्ही बंद करायचे होय? मग प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, ओझोनचं भोक आलं, आरेची झाडं आली. शेवटी समोसे थंड होतायत म्हणून ठराव तहकूब झाला.

आमच्या सभासदांना नावं ठेवायची म्हणून हे सांगत नाही. वृत्तवाहिन्यांवर सुटाबुटातली माणसं याच तीन बाजूंनी भांडतात, आणि तिथं समोसेही नसतात. मला वाटतं, तिघांची चूक एकच होती. तिघांनीही हा प्रश्न पाप-पुण्याचा करून टाकला. काकांच्या मते पाप घडलंच नाही, मुलीच्या मते ते सगळ्यांनी केलं, गृहस्थांच्या मते शेजाऱ्यानं. आणि पापाचा हिशेब मांडला की उपायही त्याच कुळातले सुचतात: प्रायश्चित्त, उपास, दान, गेलाबाजार एखादं झाड. तापमानवाढ हा मुळात इंधनाचा प्रश्न आहे. जंगलतोड, गुरं, भातशेती, सिमेंट यांचा त्यात हात आहे, पण सिंहाचा वाटा कोळसा, तेल आणि वायू जाळण्याचा. शहरानं कुठलं इंधन जाळावं हे तिथल्या माणसांच्या सद्गुणांवर कधीच ठरलं नाही. ते ठरतं सार्वजनिक निर्णयांवर, आणि मुंबईचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास त्याला साक्ष आहे.

आधी काकांचं ऐकू, कारण त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हवामान नैसर्गिक कारणांनी बदलतं हे खरंच आहे. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हजारो वर्षांत हळूहळू बदलतो आणि हिमयुगं येतात-जातात. आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं मीच सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो तापमानवाढीचा पुरावा म्हणून ऊठसूट दाखवला जातो. एका पावसावरून असं काही सिद्ध होत नाही. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून असे पाऊस वाढण्याची शक्यता वाढते, एवढंच म्हणता येतं. त्या दिवशी माणसं बुडाली त्यात मिठी नदीच्या गळ्याला आपण लावलेला फासही होता, आणि तो फास काही हवामानानं आवळला नव्हता.

पण म्हातारपणानं माणसं मरतात म्हणून खून होतच नाहीत, असं कुठला पोलीस म्हणेल? तो पंचनामा करील. मग करू पंचनामा. संशयित पहिला, सूर्य. गेली चाळीसहून जास्त वर्षं त्याची ऊर्जा उपग्रहांवरून मोजली जाते आणि त्यात वाढ नाही. शिवाय सूर्यच जास्त तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा स्थितांबर थंड होतोय. घोंगडी पांघरली की आत उकडतं आणि बाहेरच्या बाजूला कमी ऊब पोचते, तसंच काहीसं. संशयित दुसरा, ज्वालामुखी. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसानं सोडलेल्याच्या एक टक्काही भरत नाही. उरला तिसरा, आणि त्याच्या बोटांचे ठसेच सापडलेत. लाखो वर्षं जमिनीत गाडलेल्या कोळशात आणि तेलात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो, कारण दर ५,७०० वर्षांच्या आसपास तो निम्मा होतो. गेल्या शतकात हवेतला कार्बन नेमका अशाच जुन्या, मेलेल्या कार्बननं पातळ होत गेला. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआवर मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे ३१५ होते. आज ते ४२० च्या पुढे आहेत, आणि कारखानदारीच्या आधी २८० च्या आसपास होते. याहून सबळ पुरावा कोर्टात क्वचितच मिळतो.

कुणाला ही नव्या जमान्याची टूम वाटत असेल तर एक साल लक्षात ठेवावं: १८९६. त्या वर्षी स्टॉकहोममध्ये स्वांटे अऱ्हेनियस या रसायनशास्त्रज्ञानं हातानं आकडेमोड करून दाखवलं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजच्या अंदाजांपेक्षा आकडा जास्त होता, पण दिशा अचूक होती. (त्याला स्वतःला त्यात भीती वाटली नाही. स्वीडनच्या थंडीत बसलेल्या माणसाला कशाला वाटेल?) त्याच १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. तेव्हा गिरणगावाच्या चिमण्या कोळशावर धडधडत होत्या, आणि शहर वाद घालत होतं की हा दैवी कोप, की घाणीचा वास, की गरिबांची राहणी. प्लेगचा जंतू तर १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. उंदरावरच्या पिसवांचा संबंध १८९८ मध्ये दाखवला गेला. म्हणजे कारण कळत चाललं होतं. उपाय काय झाला? १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते झाले, आणि ज्यांची घरं गेली त्यातले कितीतरी जण पुढच्या गल्लीतल्या आधीच खचाखच भरलेल्या चाळीत जाऊन राहिले. कारण शास्त्रीय आणि उपाय मात्र गरिबांच्या मुळावर, हे या शहराला नवं नाही. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटवल्या आणि माणसांना माहुलच्या रिफायनऱ्यांच्या शेजारी नेऊन बसवलं, तेही पर्यावरण नि सुरक्षेच्याच भाषेत. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथं माणसं पाठवू नका.

म्हणूनच ‘आपण सगळेच गुन्हेगार’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. ते म्हणणाऱ्या मुलीची तळमळ खरी होती, आणि स्टीलची बाटली घेऊन फिरणाऱ्या माणसाची टिंगल करण्यात मला रस नाही. पण ‘आपण’ म्हणजे कोण? भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी साडेचारच्या वर आहे आणि अमेरिकेची १४ च्या आसपास. आपल्या त्या २ टनांतही पत्र्याच्या खोलीत एका पंख्याखाली झोपणारं कुर्ल्यातलं कुटुंब आहे आणि आमची सोसायटीही. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. लिटरमागे १५ किलोमीटर देणारी गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर चालवली तर दीड टन झाला. दीड टनाचा एसी रात्री आठ तास, वर्षातल्या २०० रात्री लावला, तर सुमारे १,६०० युनिटं आणि आपल्या कोळशाच्या विजेच्या हिशेबानं टनाहून जास्त. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानानं वीसेक किलो शोषतं. म्हणजे एका गाडीचं प्रायश्चित्त सत्तर-पंचाहत्तर मोठ्या झाडांनी होईल, तेही रोप जगलं, वाढलं आणि त्याच्यावर कुणाचा बोर्ड लागला नाही तर. झाडं लावावीतच, मुंबईला सावलीची गरज आहे. मात्र ज्या शहरात एकेका घराला दोन गाड्या होतायत तिथं वृक्षारोपणाचे फोटो हा हिशेब नव्हे, तो नवस आहे.

आणि वैयक्तिक पापाची ही भाषा आपोआप आली का? ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द घरोघरी पोचवण्यात २००४ च्या सुमारास ज्या कंपनीच्या जाहिरातींनी मोठा हात लावला ती ब्रिटिश पेट्रोलियम, म्हणजे तेल काढणारी आणि विकणारी. तुमचं पाऊल किती मोठं ते मोजा, असं तिनं ग्राहकाला विचारलं. गुत्तेवाल्यानं व्यसनमुक्तीची पत्रकं वाटावीत तसा हा प्रकार.

आता मुंबईकडे पाहू. १९१२ मध्ये इथं धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला होता. पण गिरण्यांचा कोळसा कमी झाला तो धुराची लाज वाटून नव्हे. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सह्याद्रीच्या पाण्याची वीज शहरात आली आणि गिरण्या तिच्यावर चालू लागल्या. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली. आज रोज लाखो माणसं लोकलला लोंबकळत कामाला जातात आणि त्यांच्या पेट्रोलचा खर्च शून्य असतो, यात त्यांचा कसला त्याग आहे? रूळ आहेत म्हणून ती लोकलनं जातात. टॅक्स्यांचंही तेच. काळी-पिवळी डिझेल सोडून सीएनजीकडे वळली ती टॅक्सीवाल्यांना एकाएकी साक्षात्कार झाला म्हणून नाही. रहिवासी कोर्टात गेले, कोर्टानं आदेश दिले, पंप उभे राहिले आणि वायू स्वस्त पडला. निर्णय झाला की साधी, घाईत असलेली, थोडी स्वार्थी माणसंसुद्धा योग्य इंधन वापरतात. हीच मला यातली सगळ्यात आशेची गोष्ट वाटते.

अर्थात सार्वजनिक निर्णय म्हणजे आपोआप चांगला निर्णय, असं म्हणायला मी धजणार नाही. खोपोलीनंतर टाटांच्या धरणासाठी मुळशीच्या खोऱ्यातली गावं पाण्याखाली जाणार होती, आणि १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांचं ‘सेनापती’पण तिथलं. ते लढले, तुरुंगात गेले, धरण झालंच. मुंबईच्या धूरविरहित विजेखाली कुणाची तरी भातखाचरं आहेत, हे विसरून आपण ‘स्वच्छ ऊर्जा’ म्हणत असू तर तो कोडगेपणा आहे. उद्या माळरानांवर सौर प्रकल्प पसरतील तेव्हा हा प्रश्न पुन्हा येईल, आणि विचारायला हवा. मात्र यातून कोळसाच बरा हे अनुमान निघत नाही. कोळसाही कुणाच्या तरी जमिनीखालूनच येतो आणि चंद्रपूरच्या माणसाच्या छातीत जातो. मुळशीचा धडा एवढाच, की किंमत कोण मोजतं ते आधी विचारा. आणि गच्चीवरच्या पॅनलखाली निदान कुणाचं शेत बुडत नाही.

उलट दिशेचे निर्णयही या शहरानं घेतले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना निरोपाला गर्दी उभी होती, असं सांगतात. ट्राम मंद होती, वाहतुकीला अडथळा होती, हे तेव्हाचे आक्षेप खोटे नव्हते. पण विजेवरचं वाहन काढून आपण रस्ता कुणाला दिला? तोच प्रश्न आज बेस्टबद्दल आहे. एकेकाळी ४,००० च्या वर असलेल्या बसगाड्या आता ३,००० च्याही खाली आल्यात, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं. त्याच काळात १३,००० कोटींहून जास्त खर्चून सागरी किनारा रस्ता झाला, ज्यावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. तो रस्ता सुंदर आहे, मीही गेलोय, वाऱ्यानं प्रसन्न वाटलं. पण बस थांब्यावर चाळीस मिनिटं उभा असलेला माणूस शेवटी कर्जानं स्कूटर घेतो, तेव्हा त्याला ‘स्वतःपासून सुरुवात करा’ असं सांगणारे आपण कोण? आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीपासून दोन हजारांवर झाडं पडली तेव्हा शहर कळवळलं, आणि ते योग्यच होतं, मेट्रोच्या कारशेडला दुसऱ्या जागा सुचवल्या गेल्या होत्या. तरी पाहा, झाड तोडलेलं दिसतं म्हणून पाप वाटतं. बसमार्ग बंद झालेला दिसत नाही.

राहिले गोऱ्यांवर चिडलेले गृहस्थ. त्यांचा राग न्याय्य आहे. आजवर साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे चौथाई आणि भारताचा तीन-चार टक्क्यांच्या आसपास. आंतरराष्ट्रीय परिषदेत भारतानं हे ठासून मांडावं, पैसा आणि तंत्र मागावं, जराही नमू नये. पण हाच युक्तिवाद तीन एसींच्या फ्लॅटमधून होतो तेव्हा तो कुर्ल्यातल्या त्या कुटुंबाच्या आडोशानं होतो, कारण भारताची सरासरी खाली ठेवलीय ती त्यांनी. स्वराज्याच्या चळवळीत साहेबाला जाब विचारतानाच रानडे-आगरकर आपल्या घरातल्या विधवेबद्दलही बोलत होते. एक जाब विचारला म्हणून दुसरा टळला असं आगरकरांनी मानलं नाही. शिवाय समुद्र जबाबदारी तपासून आत येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेल्या श्रीसेवकांपैकी चौदा जणांचा जीव गेला, त्यांनी जगाच्या हवेत किती कार्बन टाकला असेल?

मग माणसानं करायचं काय? मार्च २०२२ मध्ये महापालिकेनं हवामान कृती आराखडा काढला. २०५० पर्यंत शहर निव्वळ शून्यावर आणायचं, जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच शोषून घ्यायचा, तेही देशाच्या मुदतीच्या वीस वर्षं आधी. त्यात शहराच्या उत्सर्जनाचे वाटे मांडलेत: ७० टक्क्यांहून जास्त इमारती आणि उद्योगांतल्या ऊर्जेचं, सुमारे पाचवा हिस्सा वाहतुकीचा, उरलेलं कचऱ्याचं. कामाचा क्रमही तसाच लागतो. वीज पहिली. आपल्यासारख्या गच्चीवर २० किलोवॉटची पॅनल बसली तर दिवसाला ८० च्या आसपास युनिटं मिळतात, लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे बऱ्यापैकी त्यात भागतात. केंद्राच्या २०२४ च्या योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. घरात एसी असेल तर तो २४-२५ वर ठेवावा हे ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते गॅसचं. ‘कूलिंग कमी झालंय, गॅस भरून देतो’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला आधी गळती शोधायला लावावी. नव्या एसीतला एक किलो आर-३२ हवेत गेला तर तो पावणेसातशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो, आणि जुने गॅस त्याच्या दुपटी-तिपटीनं.

कचऱ्याला कुणी हवामानात धरत नाही. देवनारचं डम्पिंग १९२७ पासून साठतंय. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं तेव्हा धूर उपग्रहांनी टिपला. ओला कचरा हवेविना कुजला की मिथेन होतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो. भाजीची देठं आवारातल्या खड्ड्यात कुजवणं हे म्हणूनच सगळ्या वैयक्तिक उपायांत मला सर्वांत जमेचं वाटतं. आणि पुनर्विकास! तीस-पस्तीस वर्षांची धडधाकट इमारत तीनशे फूट जास्त मिळतात म्हणून पाडायची, वर पार्किंगचे सहा मजले चढवायचे. जगाच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे, आणि त्यातला बराचसा कार्बन चुनखडी भाजतानाच सुटतो, भट्टी कशावरही चालवा. धोकादायक इमारत पाडलीच पाहिजे. पण हावेची आणि धोक्याची फाइल वेगळी करणं सभासदांच्याच हातात असतं, बिल्डर ते करणार नाही. वॉर्डात नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा गटारासोबत बसगाड्यांचा आकडाही विचारता येतो. त्याला अजून हा प्रश्न कुणी विचारलेला नाही, असा माझा दाट संशय आहे.

तहकूब ठरावासाठी विशेष सभा पुढच्या रविवारी आहे. काकांनी गेल्या तीन वर्षांची सामायिक विजेची बिलं काढून ठेवलीत. ते म्हणतात, हिमयुगाचं नंतर बघू, लिफ्टचं बिल मात्र खरंच फार येतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची एकच हरकत आहे, उत्तरेकडचा कोपरा मोकळा सोडा, मे महिन्यात पापड कुठे वाळवायचे? मी नकाशावर मोजून पाहिलं. टाकीची सावली तिथंच पडते, पॅनल तसंही तिथं बसणार नव्हतं. पण सावलीत पापड वाळायचे नाहीत, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.